दोन तासांच्या आवाजात एक ओवी

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

गटाची बैठक आटोपून ऐकत असाल किंवा भाकरी थापता थापता, पण आज जरा कान देऊन ऐका. आज मी कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहे. "ते पोरींचं काम" म्हणून रेडिओ बंद करू नका. माझं शिक्षण दहावी नापास. पुढं जे सांगणार आहे ते मी स्वतः या हातांनी केलंय.

गोष्ट सुरू होते एका आजींपासून. त्यांचं नाव मी घेणार नाही, वस्तीचंही नाही. आमचं केंद्र नवं होतं तेव्हा आम्ही त्यांच्या ओसरीत जातं मांडून त्यांच्या ओव्या मुद्रित केल्या. आजी, त्यांची जाऊ आणि शेजारची एक बाई. सकाळी बसल्या त्या दुपार कलेपर्यंत. यंत्र आम्ही एकदा सुरू केलं ते बंदच केलं नाही. एकूण १ तास ५२ मिनिटांची एकच सलग फाइल झाली. मधे कोंबडी ओरडते, मधे चहा होतो, मधे आजी दम खातात.

त्यातून आम्ही २२ मिनिटांचा कार्यक्रम केला. चांगल्या चांगल्या ओव्या काढल्या, खोकला काढला, थांबणं काढलं. कार्यक्रम गाजला. आजींनीही ऐकला आणि "माझा आवाज एवढा सलग कसा?" म्हणून हसल्या.

त्या गेल्यावर वर्षभरानं त्यांची लेक केंद्रावर आली. आम्ही तिला अक्का म्हणतो. पदराला हात पुसत दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आईनं माझ्या नावाची ओवी म्हटली होती त्या दिवशी. मी पाणी आणायला गेले होते, अर्धीच ऐकली. रेडिओवर ती आलीच नाही. तुमच्याकडं आहे का?"

मैत्रिणींनो, आम्ही ती कापली होती. का कापली ते आठवत नव्हतं. मूळ फाइल पुसली गेली नव्हती ती केवळ आमच्या आळसामुळं. जुन्या हार्ड डिस्कवर ती तशीच पडून होती, साडेसहाशे एमबीच्या आसपास. आता त्या पावणेदोन तासांत ती ओवी शोधायची कुठं?

तुम्ही म्हणाल, लावायची फाइल आणि बसायचं ऐकत. तसं बसलोच. पण मोबाइलवर पुढं सरकवायची जी पट्टी असते ती बोटभर लांब. तेवढ्यात ११२ मिनिटं. बोट ज्वारीच्या दाण्याएवढं हललं की पाच मिनिटं पुढं. मागं यावं तर सात मिनिटं मागं. एखादी ओवी सापडली तरी दुसऱ्या दिवशी परत तिथं पोचता येईना. कॅसेटच्या काळात टेपवर आकड्यांचा काउंटर असायचा, त्याची आठवण झाली.

आमच्या केंद्राचं तांत्रिक काम बघणारी पोर तेव्हा एक नवं शिकत होती. प्युअर डेटा नावाचा प्रोग्रॅम. ती म्हणाली, "काकू, यात आपल्याला हवं तसं यंत्र आपणच बनवायचं. लिहायचं फार नाही, चौकटी मांडायच्या आणि दोऱ्यांनी जोडायच्या." मी म्हटलं, दाखव.

आधी हे काय आहे ते थोडक्यात सांगते. मिलर पकेट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी पॅरिसच्या एका संगीत संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात मॅक्स नावाचा प्रोग्रॅम लिहिला. मॅक्स हे नाव मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून, ज्यांनी १९५७ साली कॉम्प्युटरकडून आवाज वाजवून घेतला होता. पुढं १९९० च्या दशकात पकेट यांनीच प्युअर डेटा केला आणि तो सगळ्यांसाठी फुकट ठेवला. यात जे मांडायचं त्याला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे आपलं ठिगळच. एकेक ठिगळ जोडत वाकळ करायची तसं ते काम. मला ते चटकन पटलं.

पडद्यावर कोरा कागद असतो. त्यावर चौकट ठेवायची आणि तिच्यात कामाचं नाव लिहायचं. चौकटीच्या वरच्या कडेला माहिती आत येते, खालच्या कडेनं बाहेर पडते. खालून दोरी ओढून पुढच्या चौकटीच्या वर लावायची. आवाज वाहणारी दोरी जाड दिसते, नुसते आकडे आणि हुकूम नेणारी बारीक. एक गोल बटण असतं, त्याला आम्ही टिकली म्हणतो. टिकली दाबली की खालच्या चौकटीला 'कर' असा हुकूम जातो. एवढं आलं की अर्धं आलं. एक मात्र लक्षात ठेवा, मांडायची वेळ वेगळी आणि वाजवायची वेळ वेगळी. कंट्रोल आणि ई दाबलं की एकीकडून दुसरीकडं जाता येतं. पहिल्या दिवशी मी टिकली दाबतेय दाबतेय, आवाज काही येईना, टिकलीच इकडंतिकडं सरकतेय. मांडणीतच होते मी.

आता फाइल वाजवायची. पोरीनं पुस्तकात वाचून पहिला रस्ता धरला तो असा की सगळा आवाज आधी कॉम्प्युटरच्या चालू स्मरणात ओतायचा आणि तिथून वाजवायचा. हे काम साउंडफायलर नावाची चौकट करते. आवाज ओतला की पडद्यावर त्याचं चित्र दिसतं, डोंगरदऱ्यांसारखं. आम्ही खूश. पण वाजवलं तर दीड मिनिटाच्या आतच आजी गप्प. पहिली ८३ सेकंदं, संपलं. आम्हाला वाटलं फाइल खराब झाली. माझ्या पोटात गोळाच आला, कारण दुसरी प्रत नव्हती. म्हणून आधीच सांगते, असं काही करण्याआधी फाइलची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा. आम्ही ठेवली नव्हती.

फाइल धडधाकट होती. आमच्याकडच्या जुन्या आवृत्तीत साउंडफायलर स्वतःहून ४० लाख दाण्यांपर्यंतच ओतायचा, पुढचं कापायचा. दाणा म्हणजे काय? कॉम्प्युटरमध्ये आवाज सलग नसतो. जात्याच्या तोंडात दाणे पडतात तसे त्याचे बारीक तुकडे असतात, एका सेकंदाला हजारो. आमच्या यंत्रानं सेकंदाला ४८,००० दाणे घेतले होते. ४० लाखांना ४८ हजारांनी भागा, ८३ येतात. मर्यादा वाढवायचा एक शब्द असतो, तो लिहिला आणि पूर्ण फाइल ओतायला सांगितली. लॅपटॉप घोंघावायला लागला आणि जागीच थिजला. हिशेब नंतर केला. डिस्कवर साडेसहाशे एमबी असलेला आवाज असा ओतला की अडीच जीबीच्या वर जागा खातो, आणि आमच्या दान मिळालेल्या लॅपटॉपचं सगळं स्मरणच चार जीबीचं.

मग पहिला अर्धा तास तेवढा ओतला. वाजायला लागला. पण आवाज कसा? जडशीळ, ओढल्यासारखा. "आजी अशा कुठं गात होत्या?" मी म्हटलं. त्यांच्या जाऊबाईंना फोन लावून ऐकवलं, त्या म्हणाल्या, "ही आमची जाऊ नव्हंच." त्याचं कारण असं की प्युअर डेटा सेकंदाला ४४,१०० दाण्यांच्या चालीवर लावलेला होता आणि फाइल ४८,००० ची. दाणे तेवढेच, पण टाकायचे सावकाश. आवाज दीड पट्टी खाली उतरतो आणि तासाची फाइल ६५ मिनिटं चालते. ध्वनीच्या सेटिंगमध्ये ४८,००० केलं आणि आजी परत आजींसारख्या गायला लागल्या. खोलीत आम्ही तिघी होतो, तिघींनीही एकदम श्वास सोडला.

यानंतरची अडचण मात्र सगळ्यात फसवी. पाच मिनिटं आवाज स्वच्छ. सहाव्या मिनिटाच्या अगदी शेवटी शेवटी खरखर सुरू. बारा मिनिटांनंतर आणखी वाईट, पत्र्यावर वाळू घासल्यासारखी. आम्ही आधी माइकला दोष दिला, मग वाऱ्याला, मग चक्क आजींच्या दम्याला. मूळ फाइल मोबाइलवर लावली तर तिथं खरखर नाही. म्हणजे खोट आमच्या पॅचमध्ये.

हे समजायला तराजू आठवा. सोनाराच्या काट्यावर गुंजभर वजनही कळतं, पण त्यावर पोतं ठेवता येत नाही. बाजार समितीच्या काट्यावर पोतं मावतं, पण त्याला गुंज दिसत नाही. कॉम्प्युटर 'आता कितवा दाणा' हा आकडा ठरावीक जागेत मावेल एवढाच ठेवतो. १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पर्यंत त्याला एकेक दाणा वेगळा कळतो. त्याच्यापुढं गेलं की एक सोडून एक. आणखी दुप्पट पुढं गेलं की चारातला एक. मधले दाणे त्याच्या हिशेबात नसतातच, म्हणून आवाज खरखरीत. ४८,००० च्या चालीनं हा आकडा ५ मिनिटं ५० सेकंदांना येतो, ४४,१०० च्या चालीनं ६ मिनिटं २० सेकंदांना. आमची खरखर बरोब्बर तिथंच सुरू होत होती. पोरीनं घड्याळ लावून बघितलं आणि टाळी वाजवली. एवढा आनंद मला तिचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही दिसला नव्हता.

याला इलाज आहे. आवाज वाचणाऱ्या त्या चौकटीला, टॅबरीडफोर तिचं नाव, वर दोन तोंडं असतात. दुसऱ्या तोंडातून सांगायचं की अमक्या दाण्यापासून मोजायला सुरुवात कर, आणि पहिल्या तोंडातून तिथून पुढचे छोटे आकडे द्यायचे. आपण नाही का पत्ता सांगत, "एसटी स्टँडपासून चौथं घर"? मुंबईपासून घरं मोजत कोणी येत नाही. दर दोन-तीन मिनिटांना एक असा स्टँड धरला की खरखर गेली.

पण खरं सांगू, लांब फाइलसाठी हा रस्ताच आडवाटेचा. पूर्ण विहीर घरातल्या हंड्यात भरायला कशाला जायचं? दुसरी चौकट आहे, ती फाइल डिस्कवरूनच थोडी थोडी वाचत वाजवते. इंग्रजीत तिचं नाव आर, ई, ए, डी, एस, एफ आणि शेवटी लाटेसारखी नागमोडी खूण. ती खूण असली की समजायचं, ही आवाजाची चौकट. हिला दोन तास काय, दहा तासांची फाइल द्या, लॅपटॉप घोंघावत नाही. तिला ओपन म्हणायचं, मग फाइलचं नाव, मग कितव्या दाण्यापासून ते. नंतर १ पाठवला की वाजते, ० पाठवला की थांबते. फाइल संपली की ती स्वतः कळवते.

तीन गोष्टी आम्ही ठेच लागून शिकलो, त्या सांगते. थांबवलं की परत नुसता १ देऊन चालत नाही, पुन्हा ओपन म्हणावं लागतं. ओपन आणि १ यांच्यामध्ये अर्धा-एक सेकंद जाऊ द्यायचा, तिला विहिरीतून पहिला पोहरा ओढायला तेवढा वेळ लागतो. डिले नावाची चौकट मधे घातली की झालं. आणि फाइलच्या नावात मोकळी जागा ठेवायची नाही, नाहीतर नावाचा पहिला शब्दच तिला कळतो. एमपीथ्रीही ती साधारणपणे घेत नाही, वेव फाइल लागते.

आता ठिकाणावर जायचं कसं? आम्ही वहीत मिनिटं आणि सेकंदं लिहितो, तिला हवेत दाणे. म्हणून मिनिटांची एक चौकट, तिला साठनं गुणलं. त्यात सेकंदं मिळवली. आलेल्या आकड्याला ४८,००० नं गुणलं. उदाहरणार्थ १२ मिनिटं ४० सेकंद म्हणजे ७६० सेकंद, म्हणजे ३ कोटी ६४ लाख ८० हजारावा दाणा. हे तोंडी करायला नको, चौकटी करतात. हुकमाच्या चौकटीत आकड्याच्या जागी डॉलर-एक अशी खूण घातली की आलेला आकडा तिथं जाऊन बसतो. इथंही आकडा मोठाच आहे, पण ही चौकट तो फक्त सुरुवातीला एकदा वापरते. दोन-चार दाणे इकडंतिकडं झाले तरी सेकंदाच्या ४८ हजारांतले ते, कानाला कळत नाहीत.

यंत्र झालं. आता वही. ही मात्र पोरीनं केली नाही, आम्ही केली. अक्का, मी आणि बचत गटातल्या दोघी. पाच दुपारी बसलो. एकीनं ऐकायचं, एकीनं वेळ सांगायची, एकीनं लिहायचं. '४ मि. १० से., रामाची ओवी.' '९ मि. ३५ से., भावाची, तिघी मिळून.' '३१ मि., चहा, जाऊबाई नणंदेची नक्कल करतात.' शब्द लागत नसले की तेवढाच तुकडा स्मरणात ओतून निम्म्या चालीनं ऐकायचो. निम्म्या चालीनं आवाज बाप्याचा होतो, हसून हसून पुरेवाट झाली, पण शब्द सुटे होतात. पट्टी न बदलता सावकाश करायचेही पॅच असतात, ते आम्हाला अजून जमलेले नाहीत.

असं वही धरून ओव्या मांडण्याचं काम आपल्याकडं फार मोठं झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवॅं यांनी पुण्यातून खेड्यापाड्यांतल्या बायकांबरोबर जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्याबरोबर १९९० च्या दशकात मुद्रण केलं. आता त्या पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडं आहेत, गाणारणीच्या आणि गावाच्या नावासकट. ते पाहिलं आणि आम्हाला आमच्या २२ मिनिटांची जरा लाज वाटली. आम्ही कार्यक्रमात तिघींची नावं दिली होती, पण कोणती ओवी कुणाची हे कुठंच लिहिलं नव्हतं.

चौथ्या दुपारी, ५८ मिनिटांच्या पुढं, दळण थांबतं आणि आजी बोलायला लागतात. गात नाहीत, बोलतात. जमिनीबद्दल, भावाच्या वाट्याबद्दल, आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात घरात काय झालं त्याबद्दल. सहा-सात मिनिटं. शेवटी म्हणतात, "हे लावू नका बाई, दोघं अजून हायेत." मुद्रण करताना यातलं मी ऐकलंच नव्हतं, बॅटरी आणायला गेले होते. अक्का तर पहिल्यांदाच ऐकत होती. ती म्हणाली, "तुम्ही जरा भाईर बसा." आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. आतून तेच तेच ऐकू येत होतं, दोनदा, तीनदा. परत तिथंच कसं जायचं हे तिला आता येत होतं.

वहीत त्या जागेला आम्ही लाल पेनानं खूण केली. पॅचमध्येही ती केली. ५८ मिनिटं २० सेकंद ते ६५ मिनिटं, एवढ्यात कुठलंही ठिकाण मागितलं तर हुकूम पुढंच जात नाही. आणि कार्यक्रमात वाजवायच्या टिकल्यांपैकी एखाद्या टिकलीनं आवाज त्या जागेपर्यंत पोचायच्या आत आपोआप थांबतो. कापून टाकावं असं एकीचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. लावू नका म्हणाल्या होत्या, पुसा म्हणाल्या नव्हत्या. शेवटी निर्णय अक्काचा. ती म्हणाली, "राहू दे. पण किल्ली माझ्याकडं." म्हणून पूर्ण फाइलची एक प्रत तिच्या घरी आहे, आणि केंद्रातली प्रत तिला विचारल्याशिवाय कोणी उघडत नाही.

आणि तिच्या नावाची ओवी? सापडली. १ तास ३७ मिनिटं १२ सेकंद. कापली का तेही कळलं. ओवीच्या मधेच आजींना खोकला येतो, त्या थांबतात, पाणी पितात आणि दुसरी ओळ तिथून उचलतात. आम्हाला तेव्हा ते 'खराब' वाटलं होतं. दारात कळशी ठेवल्याचा आवाजही त्यात आहे. अक्का म्हणाली, "ही मी. पाणी घेऊन आले ती."

आता कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला, ऑडॅसिटीत खुणा करता येत नाहीत का? येतात, आणि नुसतं कापाकापी करायची असेल तर तेच सोपं. पण थेट कार्यक्रमात पाहुणी समोर बसलेली असते, तिनं "ती भावाची ओवी लावा की" म्हटलं तर टिकली दाबून तिथं पोचायला आम्हाला हे बरं पडतं. शिवाय हे आमच्या हातचं आहे, टिकल्यांखाली नावं आमच्या भाषेतली आमच्या बायकांनी दिलेली.

केंद्रात अशा आणखी १४ लांब फाइली आहेत. बारशाची गाणी आहेत, एका दाईंशी झालेली तीन तासांची गप्प आहे, दुष्काळाच्या सालात खडी फोडलेल्या बायकांच्या आठवणी आहेत. पुढच्या बुधवारी दुपारी दोनपासून दाईंची फाइल ऐकायला बसतोय. ज्यांच्या घरातल्या कुणाचा आवाज आमच्याकडं असेल त्यांनी जरूर या. कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल. एक वही आणि लाल पेन मात्र घेऊन या.